पूर बघायला जाणारं शहर



मे महिन्याच्या अशा संध्याकाळी तुम्ही सभागृहात येऊन बसलात, याबद्दल तुमचे आभार मानावेत की तुमची कीव करावी, हे मला ठरवता येत नाही. नदीकाठच्या शहरातल्या माणसानं या वेळी खरं तर नदीवर असायला हवं. पायरीवर बसावं, पाय पाण्यात सोडावेत, सोबतीला भेळ असावी. इथून मुठा नदी चालत दहा मिनिटांवर आहे. येताना कुणी तिकडे डोकावलं का? एकही हात वर नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नदीतच पोहायला शिकले, असं आत्ताच प्रास्ताविकात सांगण्यात आलं. त्यांच्या नातवंडांनी पोहण्याच्या तलावाचा मासिक पास काढला असणार. मधल्या दोन पिढ्यांत काय झालं आणि ते उलटवता येईल का, एवढंच मला आज बोलायचं आहे.

पुणेकराला नदीचं प्रेमच नाही, असं काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. असं म्हणणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये लकडी पुलावर यावं. खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की शहर हातातलं काम टाकून नदीवर येतं. पहिला प्रश्न ठरलेला, ‘भिडे पूल गेला का?’ भिडे पूल दर वर्षी पाण्याखाली जातो आणि दर वर्षी ती बातमी होते! अग्निशमन दलाची गाडी भोंगा वाजवत फिरते, ‘नदीपात्रातल्या गाड्या काढून घ्या.’ पुलाच्या कठड्याला माणसं चिकटलेली असतात. छत्रीवाले काका शेजारच्या अनोळखी माणसाला क्युसेकचा हिशोब समजावत असतात. बाप पोराला खांद्यावर घेऊन ओंकारेश्वराच्या बाजूला बोट दाखवतो. कणीसवाला शेगडी पेटवून कडेला उभा राहतो. पोलीस शिट्टी फुंकून गर्दी हलवतात आणि ती दहा पावलांवर जाऊन पुन्हा थांबते. कुणी निमंत्रण दिलेलं नाही, तिकीट नाही, मांडव नाही. पूर बघणं हा या शहरातला नदीकाठचा सगळ्यात जुना आणि आता जवळजवळ एकमेव उरलेला विरंगुळा आहे.

(सभागृहात हसू.) हसताय ठीक आहे, पण पुढचा प्रश्न विचारा. हीच माणसं त्याच पुलावर एप्रिलमध्ये का थांबत नाहीत? कारण साधं आहे. पुराच्या दिवसांत नदीत पाणी असतं आणि त्या पाण्याला वास नसतो.

आणखी एक पुरावा देतो. झेड ब्रिज. दुचाक्यांसाठी बांधलेला हा पूल. संध्याकाळी तिथे काय दिसतं, हे तरुण श्रोत्यांना सांगायला नको आणि ज्येष्ठांना माहीत नाही असंही नाही. स्कूटर कठड्याला लावायची, तिच्यावरच नदीकडे तोंड करून बसायचं. खाली नाक मुठीत धरायला लावणारं पाणी, मागून भरधाव गाड्या, तरी जागा मिळत नाही. पाण्याकाठी निवांत बसायची भूक माणसाला किती असते, याचं याहून मोठं सर्वेक्षण कुठली महापालिका करणार? आपण त्या पोरांना हसलो, टोमणे मारले. बसायला एक बाक मात्र दिला नाही.

आता मुद्द्यावर येतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या मुठेत जे वाहतं, ते नेमकं काय असतं? पश्चिमेला सह्याद्रीत पाऊस पडतो. तो पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत साठतो. चारही मिळून साधारण 29 टीएमसी. खडकवासल्याहून हे पाणी नळांतून आपल्या घरी येतं आणि मुठा उजव्या कालव्यातून हडपसरपुढे दौंड-इंदापूरकडे शेतीला जातं. हा कालवा 202 किलोमीटर लांब आहे. पाणी कालव्यात जातं, नळात जातं. नदीत कुठे जातं? पावसाळा संपला की धरणाखालच्या नदीपात्रात मुद्दाम सोडलेलं पाणी जवळपास नसतंच. मग विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत वाहतं ते काय? ते तुमच्या-माझ्या मोरीतलं पाणी. सकाळी आपण जी आंघोळ केली, ती संध्याकाळी नदी म्हणून पुलाखालून जाते. माफ करा, सभ्य सभेत हे बोलावं लागतंय, पण हे न बोलता नदीकाठच्या बागांबद्दल बोलणं मला जमत नाही.

आणि ही गोष्ट पुण्यापुरती राहत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, उजनीतून पंढरपूरला. तिथे तिचं नाव चंद्रभागा. आषाढीला लाखो लोक जिच्यात बुडी मारतात, त्या नदीत आपण वर्षभर काय धाडतो, याचा विचार वारीचं स्वागत करणाऱ्या शहरानं करायला नको का?

नदीकाठ सुधारायची भाषा आपल्याकडे सुरू होते ती काठापासून. संगणकावरची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. निळंशार पाणी, सायकलवर मुलगी, फुगेवाला, दगडी फरसबंदी. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून 44 किलोमीटरचा नदीकाठ विकसित करायची योजना आहे. 2022च्या मार्चमध्ये तिचं भूमिपूजन झालं, संगमवाडी ते बंडगार्डन या टप्प्यात काम उभं राहिलेलं दिसतं. सांडपाणी शुद्ध करायची योजना मात्र तिच्याही आधीची आहे. जपानच्या कर्जातून 11 शुद्धीकरण केंद्रं, खर्च 990 कोटी, मंजुरी 2016ची. प्रत्यक्ष बांधकाम हलायला त्यानंतर पाच-सहा वर्षं गेली. चित्रातलं पाणी निळं रंगवायला एक दुपार पुरते. पाण्याचा रंग खरोखर बदलायला किती लागतं? त्यासाठी थोडं लांब जाऊ.

पॅरिस. तिथून सीन नदी वाहते. 1900च्या ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या शर्यती या नदीत झाल्या होत्या. 1923मध्ये शहरात नदीत उतरायला बंदी आली, कारण आपल्यासारखंच. 1967मध्ये उजव्या काठावर, अगदी पाण्याला खेटून, मोटारींचा जलदगती मार्ग बांधला आणि त्याला राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांचं नाव मिळालं. नदीपात्रात रस्ता टाकायची कल्पना फक्त आपल्यालाच सुचली, असं समजू नका! आपल्याकडे विठ्ठलवाडीच्या बाजूला पात्रात घातलेला रस्ता हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानं काढायची वेळ आली. त्यांच्याकडे तो पन्नास वर्षं धावला.

मग त्यांनी काय केलं? 2002 सालच्या उन्हाळ्यात या मार्गावरची वाहनं महिनाभर थांबवली, वाळू आणून ओतली, खुर्च्या मांडल्या. लोक हसले. मोटारवाले चिडले. पुढच्या वर्षी पुन्हा केलं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. 2013मध्ये डावा काठ आणि 2016मध्ये उजव्या काठाचा तीन-सव्वातीन किलोमीटरचा तुकडा मोटारींना कायमचा बंद झाला. न्यायालयात भांडणं झाली, एक आदेश रद्दही झाला, महापौरांनी नवा काढला. म्हणजे काठ परत मिळवायला चौदा वर्षं. पण लक्षात घ्या, तेव्हाही पाण्यात कुणी पाय घालत नव्हतं. काठ लोकांचा झाला होता, नदी अजून गटाराचीच होती.

पाण्याचं काम त्याहून कठीण. 1990च्या सुमाराला तेव्हाचे महापौर जाक शिराक यांनी थोड्याच वर्षांत आपण स्वतः सीनमध्ये पोहून दाखवू, असं जाहीर केलं होतं. ते नंतर राष्ट्राध्यक्ष झाले, निवृत्त झाले, वारले. पोहणं राहूनच गेलं. पुढाऱ्यांच्या घोषणा तिथेही आपल्यासारख्याच पिकतात. अखेर 2024च्या ऑलिंपिकचा धाक बसला तेव्हा साधारण 140 कोटी युरो खर्चून काम झालं. आणि खर्च कशावर झाला? कारंज्यांवर नाही, दिव्यांवर नाही. पॅरिसची जुनी गटारं पावसाचं आणि घरातलं पाणी एकाच नळातून नेतात. जोराचा पाऊस आला की ती तुंबतात आणि सगळं नदीत ओकतात. म्हणून ऑस्टरलिट्झ स्टेशनाजवळ जमिनीखाली 50 हजार घनमीटरची टाकी खोदली. पन्नास मीटर रुंद, तीस मीटरहून खोल. ऑलिंपिकचे वीस तलाव मावतील एवढी. वादळी पाऊस पडला की पाणी तिथे थांबवायचं, नंतर सावकाश शुद्धीकरणाला पाठवायचं. वरच्या अंगाच्या उपनगरांतल्या हजारो घरांचे चुकीचे जोडलेले नळ शोधून नीट जोडून दिले. नदीवरच्या राहत्या होड्यांनाही मलवाहिनी जोडायला लावली. हे सगळं जमिनीखालचं, भिंतीआडचं, फीत कापायला अत्यंत गैरसोयीचं काम!

आणि तरीही काय झालं? ऑलिंपिकच्या ऐन वेळी पाऊस आला, पाण्यातल्या जिवाणूंचं प्रमाण वाढलं, पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. जगभर थट्टा झाली. पुढच्या वर्षी, 5 जुलै 2025ला, तीन ठिकाणी सामान्य लोकांसाठी नदी खुली झाली. शंभर वर्षांनी. प्रवेश फुकट. आणि लगेच दुसऱ्याच दिवशी पावसामुळे ती बंद ठेवली. मला या बंद ठेवण्याचं फार कौतुक वाटतं. तिथे रोज पाणी तपासतात, आकडा बघतात, हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा लावतात. उद्घाटन थाटात झालंय, आता कसं बंद ठेवायचं, असा संकोच नाही.

आता कुणी म्हणेल, पॅरिस कशाला, अहमदाबाद जवळ आहे. बरोबर. साबरमतीचा काठ मी चालून पाहिला आहे आणि संध्याकाळी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं येतात, मुलं पळतात, बायका निर्धास्त फिरतात. हे नाकारणारा माणूस आकसानं बोलतो. दोन्ही काठांना साडेअकरा-साडेअकरा किलोमीटर मोकळी जागा शहराला मिळाली, ही लहान गोष्ट नाही. पण ते पाणी कुणाचं? ते नर्मदेचं, कालव्यानं आणून वासणाच्या बंधाऱ्यापाशी अडवलेलं. बंधाऱ्याच्या खाली जाऊन बघा, तिथून पुढच्या नदीत शहराचं आणि कारखान्यांचं पाणी आहे. आणि काठावरच्या वस्त्यांतली दहा हजारांहून अधिक कुटुंबं उठवून शहराच्या कडेला नेली गेली. फिरायला जागा झाली. पण कुणाची जागा गेली, हेही फिरताना आठवायला हवं. शिवाय आपल्याला उसनं पाणी देणारी नर्मदा कुठून आणायची? आपल्या धरणांतल्या पाण्यावर आधीच शहर आणि शेती यांची ओढाताण आहे.

माझा दुसरा मुद्दा पुराचा. आपली नदी सीनसारखी नाही. ती आठ महिने मरगळलेली आणि चार महिने अंगावर येणारी. 12 जुलै 1961 ही तारीख या सभागृहात कुणाला सांगायला नको. पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं, पेठांमधून पाणी फिरलं. त्यानंतर जन्मलेल्यांना 25 जुलै 2024 आठवत असेल. खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. तिथे 1961सारखं धरण फुटलं नव्हतं. पाणी धरणातून नेहमीच्या दारांनी आलं होतं. त्याला पसरायला जागा उरली नव्हती.

सरकारी नकाशावर नदीला दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. या रेषा बांधकाम व्यावसायिकांना पाठ असतात, कारण त्या थोड्या सरकल्या तर काय मिळतं, हे त्यांना ठाऊक असतं. नागरिकांना त्या ठाऊक आहेत का? तुमचं घर कुठल्या रेषेच्या आत आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल?

नदीकाठ कसा बांधावा हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज आहे, असं मला वाटत नाही. घाट बघा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. उन्हाळ्यात पाणी खाली असतं, तर तुम्ही खालच्या पायरीवर उतरता. पावसाळ्यात पाणी वर येतं, तर तुम्ही वर सरकता. पूर आला की घाट बुडतो, ओसरला की चिखल धुऊन काढायचा आणि पुन्हा बसायचं. पुरानं घाटाचं काही बिघडत नाही, कारण बुडायचं हे बांधतानाच धरलेलं आहे. उभी भिंत घातली की हे सगळं संपतं. भिंतीवरून पाणी दिसतं, हाताला लागत नाही. आणि भिंतीनं अडवलेलं पुराचं पाणी कुठे तरी दुसरीकडे शिरतंच.

नाशिकला गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावरून नाशिककर पूर मोजतात. पॅरिसला आल्मा पुलाच्या खांबाशी एका सैनिकाचा दगडी पुतळा आहे, झुआव्ह म्हणतात त्याला. 1910च्या महापुरात पाणी त्याच्या खांद्यापर्यंत आलं होतं आणि आजही सीन चढली की पॅरिसकर त्याचे पाय बघायला जातात. म्हणजे पूर बघायला जाणारे आपण एकटेच नाही! नाशिकचा मारुती आणि पॅरिसचा सैनिक, दोघंही हक्कानं पाण्यात उभे आहेत. नदी इथपर्यंत येणार, हे त्या शहरांनी मान्य केलेलं आहे. सीनचा परत मिळवलेला काठही थंडीतल्या पुरात बुडतो. खुर्च्या, टपऱ्या उचलतात, पाणी गेलं की झाडून पुन्हा मांडतात. आपल्याकडे मात्र पात्रात जे काही करायचं ते काँक्रीटमध्ये आणि कायमचं.

आपलं एक गाव तर याही बाबतीत आपल्या पुढे आहे. सांगली. पावसाळ्यात कृष्णेला पाणी आलं की तिथे होड्यांच्या शर्यती होतात, काठावर माणूस मावत नाही. 1929च्या आयर्विन पुलाखालचं पाणी किती फूट झालं, हे सांगलीकराच्या जिभेवर असतं. त्यानं 2019चा महापूर सोसला आहे, घरं गमावली आहेत. तरी तो नदीशी बोलणं टाकत नाही. पट्टीचे पोहणारे तिथे अजून तयार होतात.

आणि पुण्यात नौकानयन नाही का? आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928पासूनचा आणि त्यांचा रेगाटा बघायला एके काळी अर्धं शहर लोटायचं. मुलं अजूनही होड्या काढतात, जलपर्णी बाजूला सारत, नाकावर रुमाल बांधून. रिओ ऑलिंपिकला गेलेला आपला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. सैन्यात आल्यावर तो पुण्यातच तयार झाला. पण आपल्या नदीत नाही, लष्कराच्या व्यवस्थेत. दोन नद्यांच्या संगमावरच्या शहरात वल्हं मारायला शिकण्यासाठी नदी टाळावी लागते, हे आपल्याला खटकतसुद्धा नाही.

इतिहासाबद्दल थोडं कंसात सांगतो. पाण्याकाठी रमण्यासाठी या शहरानं पूर्वी हात आखडता घेतला नव्हता. नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढा अडवून पर्वतीखाली तळं केलं, मधल्या बेटावर पुढे गणपती आला. आज त्या तळ्याच्या जागी सारसबाग आहे. बंडगार्डनचा बंधारा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला, पिण्याच्या पाण्यासाठी, आणि त्याच्याकाठी बाग आली. पाण्याची सोय आधी आणि बाग मागाहून, हा क्रम तेव्हाच्या लोकांना कळत होता.

बंडगार्डनच्या पलीकडे येरवड्याला डॉ. सालिम अली यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पहाटे तिथे दुर्बिणी घेतलेली माणसं दिसतात. उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे चिखल टोचत असतात. घाण पाणी त्यांना चालतं. इतर पुष्कळ पक्ष्यांना चालत नाही. पण झाडांनी भरलेला तो ओबडधोबड काठ बघून तरी आराखडे करणाऱ्यांनी ठरवावं, सगळीकडे फरसबंदी हवीच आहे का? काही ठिकाणी नुसती पायवाट, माती आणि करंज-उंबराची सावली पुरे. ती स्वस्तही पडते. कंत्राटदाराला कदाचित तेच अडचणीचं वाटत असेल.

आता तुम्ही विचाराल, मग करायचं काय? पॅरिसच्या शंभर वर्षांची वाट बघायची? नाही. माझी मागणी अगदी लहान आहे आणि तिला भूमिपूजन लागत नाही.

नदीत आंघोळ करता येईल असं पाणी कशाला म्हणायचं, हे आपल्या देशात कागदावर ठरलेलं आहे. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत हवा, विरघळलेला प्राणवायू 5 मिलिग्रॅमच्या वर हवा, विष्ठेतल्या जिवाणूंची संख्या 100 मिलिलिटरमागे फार तर 2,500 चालते. क्युसेक समजणाऱ्या पुणेकराला हे समजणार नाही, असं मी मानत नाही. खडकवासल्यातून किती पाणी सुटलं, याचा आकडा पावसाळ्यात तासातासाला आपल्यापर्यंत पोहोचतो आणि तो ऐकून काका-मावश्या लकडी पुलावर जातात. मग वर्षाचे बाराही महिने, विठ्ठलवाडीला, भिडे पुलावर, संगमावर आणि बंडगार्डनला, त्या दिवशीच्या पाण्याचे हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत का लावू नयेत? सुरुवातीला ते लाजिरवाणे असतील. असू देत. वृत्तपत्रं ते हवामानाशेजारी छापतील, नगरसेवकाला गणपतीच्या मांडवात त्यावरून प्रश्न विचारले जातील, आणि नदीकाठच्या कामाचं पुढचं देयक मंजूर करताना कुणी तरी उठून म्हणेल की आधी आकडा वाचा.

पहिला फलक झेड ब्रिजवर लावावा, अशी माझी सूचना आहे. नदीकडे तोंड करून बसणारी माणसं तिथे रोज असतात.